मापाची बाहुली

४ जून
आज घर लागलं. खोकी अजून भिंतीला टेकून आहेत, पण पडदे चढले आणि चहाचं भांडं सापडलं, म्हणजे लागलंच. वरचा मजला, मोठ्या खिडक्या, दुपारभर ऊन. खाली घरमालकीण राहतात. लेकीला पाहून म्हणाल्या, एवढीशी पोर, पण जिन्यावर हत्ती चढल्यासारखं वाटतं. म्हटलं, आम्ही तिला मुंगी म्हणतो. ती लगेच म्हणाली, मग तुम्ही मला हत्ती म्हणा. आणि हसली. हसली की तिच्या एकाच गालाला खळी पडते. बाई तिथेच विरघळल्या.

कॉम्प्युटर खिडकीपाशी मांडला. नवऱ्याने विचारलं, आता कुठला बंगला बांधणार? म्हटलं, हेच घर.

७ जून
बांधकाम सुरू. नोकरी सुटल्यापासूनची ही हौस: कॉम्प्युटरच्या पडद्यावर घरं उभी करायची, भिंत भिंतीच्या मापाने, दार दाराच्या. टेपचं एक टोक मुंगीने धरलं. मधूनच मुद्दाम सोडत होती.

खोलीत माणूस उभा केल्याशिवाय मापाचा अंदाज येत नाही, म्हणून आम्ही हौशी लोक एक बाहुली ठेवतो. राखाडी, बिनचेहऱ्याची. मुंगी हटून बसली, बाहुली माझ्याच मापाची हवी. तिला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण केली. बाहुलीचं अर्धंच अंग करायचं असतं. दुसरी बाजू आरशासारखी आपोआप उमटते. मुंगी म्हणाली, म्हणजे तिने एक हात वर केला की दुसरापण वर? म्हटलं, हो, बिचारीचा इलाज नाही. मग मुंगी दोन्ही हातांनी जेवली. मी रागावले नाही.

१२ जून
स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओलीचा डाग होता. मी तो पडद्यावरच्या भिंतीवरही हुबेहूब उतरवला होता. काल नको वाटला, पुसून टाकला. आज खऱ्या भिंतीवरही नाही. नवरा म्हणाला, कसला डाग? घरमालकीण म्हणाल्या, ती भिंत पहिल्यापासून कोरडीच आहे. मुंगीला मात्र आठवत होता. ती त्याला ससा म्हणायची. ससा कुठे गेला, असं दोनदा विचारलं. म्हटलं, फिरायला गेला असेल.

खरं सांगायचं तर मला गंमतच वाटली.

१५ जून
दिवाणखान्याचं चित्र आमच्या हौशी मंडळींना पाठवलं. कौतुक झालं, चेष्टाही झाली. एकाने विचारलं, ताई, मध्ये ते राखाडी भूत कोणाचं? बाहुली पुसायला जीव होईना. नुसती लपवली. लपवलेली वस्तू जागेवरच असते, फक्त दिसत नाही. फाइल साठवून बंद केली आणि चित्र पुन्हा पाठवलं. त्याने लिहिलं, भूत गेलं, सावली राहिली की!

राहिली आहे खरी. उद्या बघू. मुंगीला शाळेतून आणायची वेळ झाली.

१५ जून, संध्याकाळ
मुंगी शाळेत नव्हती. शिक्षिका म्हणाल्या, अशी कुणी मुलगी आमच्या वर्गात नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तू शांत हो, घरी ये, मी निघालोच. घरी आल्यावर त्याने हळूच विचारलं, मुंगी कोण?

१६ जून
घरमालकीण म्हणाल्या, जागा दोघांनाच दिली होती. फोटोंत तो आहे, मी आहे, मध्ये रिकामी जागा. चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे. नवरा म्हणतो, आधीच्या भाडेकरूंची असेल.

दुपारी दिवाणखान्यात ऊन आलं. फरशीवर सावली होती. मुंगीएवढी. तिच्या वेण्या मात्र नव्हत्या.

१७ जून
फाइल उघडली. केलेलं उलटवायची सोय असते, पण फाइल एकदा बंद केली की ती संपते. म्हणून बाहुली नुसती पुन्हा दिसती केली. मग मागे वळून पाहिलं.

आली होती. खुणेएवढीच उंच. राखाडी.

मी चेहरा केला नव्हता. मापाला चेहरा लागत नाही.

१८ जून
आज नवऱ्यालाही दिसली. म्हणाला, ही असली बाहुली कुठून उचलून आणलीस? अंगावर काटा येतो, टाक अडगळीत. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. तिचा हात धरला. गार होता. सोडला नाही.

१९ जून
चेहरा करते आहे. फोटो नाहीत, सगळं डोक्यातून. डोळे केले. वळून पाहिलं. डोळे होते. माझ्याकडे बघत होते.

नाक आजीवर गेलंय असं सगळे म्हणायचे. माझ्या आईवर की त्याच्या—

२० जून
ओठ केले. हलत नाहीत. हलवायचं मी कधी शिकलेच नाही.

नवरा म्हणाला, उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी रजा घेतली आहे. आणि जाताना ही ब्याद बाहेर टाकू. प्रेमाने म्हणाला.

२१ जून
फक्त खळी राहिली. ती झाली की तो तिला ओळखेल. ओळखेलच.

डाव्या गालावर करून पाहिली. उजव्यावरही उमटली. दोन खळ्या. ही मुंगी नाही. आधी आरसा काढायला हवा, पण मग कुठला गाल ठेवू— रोज पाहिलाय तो गाल, रोज पापी घेतली आहे—

जिन्यावर पावलं. तो येतोय.

तिलाच विचारलं. मुंगे, आई विसरली गं. खळी कुठे होती? हात लावून दाखव.

ऐकलं तिने. हात उचलला—

दोन्ही. एकदम. दोन्ही गालां—