कपाळावरचा हात

धडगाव, मंगळवार, नोव्हेंबर १९६१

आज वर्गात आरोग्याचा पाठ घेतला. वेळेवर झोपा, रोज ठरल्या वेळी उठा. आणि शिकवणारा मास्तर रोज गजराच्या आधीच दचकून जागा होतो.

गावी कोरीटला असं नव्हतं. घरात रचलेल्या कापसाच्या ढिगावर आम्ही भावंडं गाढ झोपायचो. आई कपाळावर हात ठेवून म्हणायची, "ऊठ भाऊ, दिन उगना."

या दिवाळीत गजराचं घड्याळ मिरवायला घरी नेलं. कशाला नेलं? पहाटे ते वाजलं तेव्हा आई उशाशीच बसली होती. हात मागे घेत म्हणाली, "आते तुले मन्हं काम नही."

शनिवारी जाईन. घड्याळ इथेच ठेवीन. जाग आली तरी डोळे मिटून पडून राहीन, तिचा हात कपाळावर येईपर्यंत.