शून्यावरचं टोक

६ मार्च

आठ दिवस झाले, सूनबाई सही करत नाहीत. एक सही! मुलगा आणि ती एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांच्या हाताखाली. चार वर्षं राबून तिघांचा लेख तयार झालाय, त्यावर तिघांच्याही सह्या हव्यात. तो छापून आला की मुलाची नोकरी कायम. आणि ही म्हणते, "माझं नाव त्यात नको." का? तर "नको, एवढंच."

हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस? तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही." नसेल कळत. घर बुडताना तर दिसतं ना!

७ मार्च

बोलले. नको ते बोलले. "नवऱ्याच्या ताटात माती कालवतेस!" ती भांडी विसळत होती — विसळतच राहिली. नंतर जपाला बसले तर मणी पुढे, डोकं तिथेच.

९ मार्च

शेवटी तोंड उघडलं! मी म्हटलं, "मॅट्रिक आहे मी, दगड नाही. समजावून सांग." तिने तिची मोजमापाची वही आणली.

"आई, एक पदार्थ असा, की आतून वीज जाऊ देत नाही, नुसती पृष्ठभागावरून जाऊ देतो. त्याच्यावर दुसरा — भयंकर थंडीत वीज बिनअडथळा नेणारा. दोघांच्या सांध्याशी एक अजब अवस्था अडकून बसते, असं गणित सांगतं. ती असली तर आलेखात बरोबर शून्यावर टोक येतं."

"मग आलंय ना?"

"पदार्थातल्या साध्या मळानेही येतं. म्हणून चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा. ती अवस्था खरी असेल तर टोक जागचं हलत नाही. नसेल तर दुभंगतं."

पान उलटलं. दुभंगलेलं! चांगले उभे दोन तुकडे! आणि लेखातलं चित्र? ते दुभंगायच्या जरासं अलीकडेच कापलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. हिशोब जुळेना म्हणून पानच फाडायचं? आणि मी या पोरीला माती कालवणारी म्हटलं!

"सरांचीच करणी ना?"

ती वही मिटून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

१० मार्च

देवा, क्षमा कर, पण त्या माणसाचं वाटोळं होवो! पिकली दाढी आणि हे धंदे. मुलाला म्हटलं, "तुझ्या सरांना मीच येऊन विचारते." तो ओरडला — जन्मात पहिल्यांदा माझ्यावर — "आई, तू त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाहीस!" किती धास्तावून ठेवलंय लेकराला.

११ मार्च

जप नाही. तोंडात शिव्याच येतात.

१२ मार्च

सर स्वतःच घरी आले. लेख उद्या जायचा. "ताई, तुमची सून सही का करत नाही, तेवढं तुम्ही तरी विचारा." मी सोडते काय! "चित्र कापताना लाज नाही वाटली?" ते म्हणाले, "कापलं? पुढचं मोजताच आलं नाही, चुंबक बिघडला — असं तुमच्या मुलानेच सांगितलं मला."

मुलगा खाली बघत होता. सून स्वयंपाकघराच्या दारातून मला मानेने नको, नको करत होती.

मी म्हटलं, "सूनबाई, वही आण."