मुलाखतीतला माझा नमस्कार

जेल रोड, नाशिक रोड

तीर्थस्वरूप सगुणाअक्का,

गुडघे वाकत असते तर साष्टांग घातला असता. सध्या तो कागदावरच मानून घे. तुझा बीपी, तुझी म्हैस आणि तुझी सून तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. माझ्या साखरेचं बरं चाललंय (म्हणजे तपासलेली नाही). फोन न करता लिहितो आहे, कारण तू कानाचं यंत्र डबीत ठेवून फोन घेतेस आणि सगळ्यालाच 'हो हो' म्हणतेस.

नातवाच्या, साईच्या, लग्नाची पत्रिका द्यायला नांदगावहून आलीस, तेव्हा माझ्या नातीला, सृष्टीला, समोर बसवून तू विचारलंस, "इंजिनेर होऊन वरीस झालं ना गं? मंग आजून घरीच?" वर म्हणालीस, तुम्हा पोरांना सगळं आयतं मिळतं, आमचे लय हाल झाले. मी मान डोलावली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कारभारी कसला. माझी नेहमीची गोष्टही सांगितली, की सातपूरच्या कारखान्याच्या गेटवर गेलो, साहेबांना नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर. सृष्टीने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली. तू गेल्यावर तिने सांगितलं की ती लग्नाला येणार नाही.

आता घडलं ते ऐक. गेल्या मंगळवारी तिची मुलाखत होती. चौदा महिन्यांत दोनशे बारा अर्ज, आणि मुलाखतीपर्यंत पोचलेला हा तिसरा. मुलाखत घरातच, लॅपटॉपवर. तिने बजावलं होतं, "आजोबा, तासभर खोलीत येऊ नका." पण अक्का, घरात साहेब येणार आणि घरातल्या मोठ्या माणसाने साधा नमस्कारही करायचा नाही, हे मला पटेना. (पाहुणा पडद्यावर आला तरी पाहुणाच.) मी टोपी घातली, इस्त्रीचा सदरा चढवला, ट्रेमध्ये चहा ठेवला (साहेबांना तो पिता येणार नाही हे मला कळतं, पण रीत म्हणून) आणि दार ढकललं. पडद्यावर साहेब नव्हताच. इंग्रजीत एक प्रश्न लिहिला होता आणि त्याखाली सेकंद उलटे पळत होते. सृष्टी मला हाताने मागे सारत होती, तोवर मी प्रश्न वाचला. तुमच्यात कमी काय आहे, असा होता. मी हात जोडून म्हणालो, साहेब, पोरगी हुशार आहे, फक्त भिडस्त आहे, मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही. सेकंद संपले. माझं उत्तर तिच्या नावावर नोंदलं गेलं, आणि ते पुन्हा देता येत नाही म्हणे. संध्याकाळी नकार आला. तोसुद्धा कुणा माणसाने लिहिलेला नव्हता.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने ट्रेमधला गार चहा प्यायला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं उत्तर माझ्यापेक्षा बरं होतं." मग भिंतीकडे तोंड करून रडली.

तेव्हापासून मी विचार करतो आहे (रिकामा असल्याने वेळ भरपूर आहे). तू चौथीतून शाळा सोडलीस, दोन कोसांवरून पाणी आणलंस. ते कमी होतं असं म्हटलं तर तू इथवर येऊन माझा कान धरशील, आणि ते कमी नव्हतंच. हिला नळ उघडला की पाणी आहे. पण आपल्याला नाही म्हणणारा माणूस निदान समोर उभा असायचा. त्याला मनात शिव्या घालता यायच्या, आठ दिवसांनी पुन्हा त्याच्याच दारात जाता यायचं. हिला नको कोण म्हणतंय तेच कळत नाही, म्हणून खोट आपल्यातच आहे असं ही पोर धरून बसली आहे. शिवाय आपल्या घरात चूल पेटली नाही तेव्हा शेजारीही पेटलेली नसायची. हिच्या मैत्रिणींचे ऑफिसातले फोटो रोज सकाळी हिच्या हातातल्या फोनवर येतात. हाल कुणाचे जास्त, हे मला ठरवता येत नाही. एवढं मात्र दिसलं, की आपण आपल्या हालांची गोष्ट पोरांना धीर द्यायला सांगत नाही, गप्प करायला सांगतो. मला त्याची लाज वाटली.

लहानांना आशीर्वाद, सूनबाईला नमस्कार (ती रुसलेली असल्यास दोन).

तुझा धाकटा,
कारभारी

ता. क. सृष्टीला मी समजावून लग्नाला आणतो. तिला नोकरीचं विचारू नकोस, आणि तुझ्या जावेला, चिमणाबाईला, आवर.

दुसरा ता. क. माझी गेटवरची गोष्ट खोटी आहे, हे आता तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अकरा महिने मी तुझ्या घरी बसून जेवलो. येणारा-जाणारा विचारायचा आणि तू सांगायचीस, त्याचा परीक्षेचा अभ्यास चाललाय. कसली परीक्षा ते तुलाही माहीत नव्हतं. शेवटी भाऊजींनी फोरमनकडे शब्द टाकला तेव्हा मी कामाला लागलो. सृष्टीला हे कळायला हवं, पण माझ्या तोंडून निघत नाही.

तिसरा ता. क. हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक संपला, असं तिला सांगितलं आहे.