बोर्डीहून परत

आई,

आम्ही बोर्डीला जाऊन आलो. एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. रोज दुपारी जेवणं आटोपली की वही उघडायची, वर 'आई' लिहायचं, आणि उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागायचं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुझ्यासमोर त्या गावाचं नाव कधी काढलं नाही, आणि तूही नाही. पण आता तिथलं बघून आले आहे, आणि जे ऐकलं ते सांगावं असं दुसरं माणूस मला नाही.

तुझे जावई बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत शिफ्ट करायचे, हे तुला माहीत आहे; तिथे त्यांनी एकूण पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच वेड लागलं. एक जुनी मिनीबस घेतली, मकरपुऱ्याच्या एका मिस्त्रीकडून तिच्यात पलंग, दोन शेगड्यांचा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, खिडक्यांना पडदे मी शिवले. आमच्या हरणीच्या सोसायटीतल्या बायका बघायला आल्या. "काकी, आ तो फरतुं घर!" म्हणाल्या, फिरतं घरच की हे. यांचा बेत किनारा धरून थेट वेंगुर्ल्यापर्यंत जायचा होता. वहीत मुक्काम लिहून ठेवले होते, कुठे पाणी भरायचं, कुठे गाडी लावायला मोकळी जागा आहे, सगळं. संध्याकाळी ती वही मला वाचून दाखवायचे. त्यात तिथल नावाचं समुद्राकाठचं गाव होतं, उमरगाव होतं, आणि मग एकदम डहाणू. मधलं बोर्डी वहीत नव्हतं. मला वाटतं मी निघाले ती त्याच गावासाठी.

घरात माणसाला गप्प बसायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जाता येतं. गाडीत दुसरी खोली नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथलच्या काळ्या वाळूपाशी गाडी लावली होती, मी चहा केला, आणि हे म्हणाले, "काल सकाळपासून तू दहा वाक्यंसुद्धा बोलली नाहीस. माझं काही चुकलं का?" छत्तीस वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं ते मी त्या ओट्याला टेकून सांगितलं.

मी अकरा वर्षांची आहे. आपण बडोद्यातच, पाणीगेटच्या भाड्याच्या घरात राहतो. बाबा रेल्वेत आहेत. ते तुझ्याशी महिना महिना बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा न बोललेले बरे असं वाटतं. एकदा तू त्यांना न विचारता शिवणाच्या वर्गाला गेलीस. परत आलीस तर त्यांनी आतून कडी लावली, आणि अख्खी दुपार तुला दाराबाहेरच्या ओट्यावर बसवून ठेवलं. शेजारणी येता-जाता बघत होत्या. मी खिडकीच्या गजांमधून तुझी पाठ बघत होते. तू मागे वळली नाहीस. कुणी विचारलं की म्हणायचीस, "आत फार उकडतं, म्हणून बसलेय." गणपती गेल्यावर एका सकाळी तू माझी वेणी घालता घालता हळूच म्हणालीस, "मी बोर्डीला जाते आहे. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालंय. कुणाला सांगायचं नाही. नाताळच्या सुट्टीत तुला न्यायला येते." मी शाळेतून आले तेव्हा तू नव्हतीस.

तुझ्या जावयांना मी पुढचं थोडक्यात सांगितलं. बाबांनी खोदून खोदून विचारलं, मी घाबरले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गावाचं नाव सांगून टाकलं. पुढच्याच रेल्वेगाडीने ते गेले आणि तुला घेऊन आले. यांनी ऐकून घेतलं. कप विसळले, पुसले, फळीवर ठेवले. मग म्हणाले, "अकरा वर्षांचं पोर होतीस गं." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या बोर्डीला थांबूया." त्यांनी वहीत उमरगावच्या खाली ते नाव लिहिलं.

समुद्राला लागून सुरूची झाडं, आत चिकूच्या वाड्या. वसतिगृहाची इमारत नवी आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं की जुन्या स्वयंपाकघरात काम केलेली एक म्हातारी मागच्या वाडीत लेकाकडे राहते. आम्ही गेलो. पंच्याऐंशीच्या आसपासची असेल, अंगणात खाटेवर बसली होती. मी म्हटलं, फार वर्षांपूर्वी इथे बडोद्याची एक बाई होती, तीनच महिने. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हसरी बाई?" म्हणाली.

मी म्हणणार होते, नाही, दुसरी कुणीतरी असेल.

पण ती तूच होतीस. तुझ्या डाव्या हाताचा भाजल्याचा डाग तिला आठवत होता. ती सांगत होती, "पोळ्या लाटताना गाणी म्हणायची. संध्याकाळचं काम झालं की मला ओढून पाण्यावर न्यायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी राहायची, लाट आली की पोरीसारखी ओरडायची." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आई, मी तुला ओरडताना कधी ऐकलं नाही. रागानेही नाही.

मग ती म्हणाली, "तू तिची पोर, म्हणजे ते स्कर्ट तुझेच." मला कळेना. तिने सांगितलं की तू वसतिगृहाच्या मोठ्या बाईंशी बोलून माझी तिथली शाळा ठरवली होतीस. त्यांनी तुझ्या खोलीत दुसरी खाट टाकायला परवानगी दिली होती. शाळेचे दोन निळे स्कर्ट तू हाताने शिवले होतेस, मापाला त्याच उंचीच्या एका मुलीला उभं करून. "तू गेल्यावर..." ती अडखळली, "ती गेल्यावर, मी ते त्याच मुलीला देऊन टाकले. चांगलं कापड होतं."

आई, तुला काय सांगू, मी एवढी वर्षं स्वतःची एक समजूत घालून घेतली होती. तू मला न्यायला येणारच नव्हतीस, जाताना लेकराला काहीतरी सांगावं लागतं म्हणून सांगितलंस, अशी. त्या समजुतीवर मी जगले. त्या अंगणात ती संपली.

म्हातारी बोलतच होती. "तुझे वडील आले तेव्हा आम्ही कणीक मळत होतो. तिने भांडण केलं नाही, रडली नाही. हात धुतले, दहा मिनिटं थांबा म्हणाली, आणि एकटी समुद्रावर जाऊन आली. पाय ओले तसेच टांग्यात बसली. मला आजवर वाटतं, इथे इतकी सुखात होती, मग का गेली गं ती?"

मी म्हटलं, "मला ताप आला होता. माझी फार आठवण यायची तिला, राहवलं नाही."

म्हातारीने डोळे पुसले. "आईच ती," म्हणाली. हे शेजारच्या खुर्चीवर चहाची बशी हातात धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी चावी लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाले, "खरं सांगायला हवं होतंस."

"आता त्या आजींना काय फरक पडणार आहे?"

"त्यांना नाही."

मी म्हटलं, "मला घरी जायचंय." त्यांना वाटलं मी चिडून बोलते आहे. डहाणूपर्यंत तरी जाऊ, म्हणाले, रत्नागिरीला आपल्याला अमुक बघायचं होतं, तमुक खायचं होतं. मी पुन्हा तेच म्हटलं. माणसाने किती वर्षं त्या प्रवासाचं स्वप्न बघितलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तरीही म्हटलं. त्यांनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर आम्ही डिझेल आणि जेवण यांपलीकडे बोललो नाही. सोसायटीच्या फाटकात वॉचमनने विचारलं, "आटला जल्दी पाछा?" इतक्या लवकर कसे परत, म्हणून. हे म्हणाले, "हां भाई, माझी तब्येत जरा बरी नव्हती." माझ्यासाठी त्यांनीही एक खोटं बोलून टाकलं.

आता ते रोज सकाळी गाडी धुतात. न चाललेली गाडी किती मळणार, पण धुतात. काल म्हणाले, "दिवाळीनंतर पुन्हा निघू का?" मी घडी घालायला पुढचा कपडा उचलला. मला भीती वाटते, की त्या छोट्या गाडीत शेजारी बसल्यावर मला उरलेलंही सांगावं लागेल.

कारण तिथलला मी यांना सांगितलं तेही पुरतं खरं नव्हतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, तुला पत्ता नाही, म्हणून इथे लिहिता येतं. बाबांनी मला खोदून विचारलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एकदा विचारलं, मी माहीत नाही म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी स्वतः होऊन त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. घाबरले नव्हते. त्यांची दयाही आली नव्हती. नाताळच्या सुट्टीआधी शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझा नाच होता, नऊवारी नेसायची होती, आणि बाकीच्या सगळ्या मुलींना नेसवायला त्यांच्या आया येणार होत्या.

तू आलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तू मला नेसवलीस. तोंडात पिना धरल्या होत्या, त्यामुळे तू काही बोलली नाहीस असं मी तेव्हा समजले. निऱ्या सुरेख आल्या होत्या, आई. मला फार आनंद झाला होता.