मशीन बंद होती

दि. १० मार्च, सोमवार

बेटी शगुफ्ता हिस अब्बाची दुआ.

आम्ही दोघे ठीक आहोत. मारेगावला तुझ्या दिराकडे सगळ्यांची तब्येत कशी आहे ते कळव. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

रोजे चालले आहेत. अम्मीचा गुडघा तसाच. कलीमची घंटागाडी बंद झाल्यापासून दारासमोर कचरा साठलाय, कुत्री पांगवतात. अम्मी झाडू घेऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघते. मी आत येतो, परत बाहेर जातो.

नगरपरिषदेत पैसा नाही हे तुला ठाऊक आहे. साहेबांनी युनियनला सांगितलं, एक तर कायम नोकरांचा पगार आणि आम्हा रिटायर म्हाताऱ्यांची पेन्शन काही महिने अर्धी घ्या, नाही तर घंटागाडीचे कंत्राटी लोक बंद करू. कंत्राटी लोक युनियनमध्ये नाहीत. त्यांना कोणी विचारलं नाही.

आमच्या युनियनमध्ये ठराव वाचून झाला की सगळ्यात जुन्या माणसाने "मंजूर" म्हणायचं, मग टाळ्या. किसनराव वारल्यापासून तो मान माझा. त्या दिवशी सेक्रेटरी लालसिंगने कंत्राटी लोकांना बंद करायचा ठराव वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मंजूर म्हणालो.

बाहेर बेबीताईने मला गाठलं. कलीमच्याच गाडीवर होती ती. "चाचा, जावयाच्याच पोटावर पाय देल्ला तुम्ही." मी म्हणालो, कानाची मशीन बंद पडली होती, मला वाटलं पेन्शनचा ठराव आहे. ती म्हणाली, "बरा आहे तुमचा कान. पाहिजे तवा बंद राह्यते."

तुलाही मी तेच सांगितलं. तू मानलं नाहीस. कलीमने मानलं. मारेगावला निघताना त्याने माझ्या मशीनचा सेल बदलून दिला, म्हणाला, अब्बा, तुमची काय चूक. मशीन घ्यायला मला मोटारसायकलवर बसवून यवतमाळला नेणाराही तोच.

बेटी, मशीन चालू होती. शब्द न् शब्द ऐकू आला. पेन्शन अर्धी झाली तर अम्मीची इंजेक्शनं कुठून आणू, एवढंच डोक्यात फिरत होतं. तोंडून मंजूर निघून गेलं.

काल लालसिंगकडे गेलो, म्हणालो, माझं मंजूर परत घे. तो म्हणाला, "चाचा, ऐकू आलं नाही म्हणून सांगा, तं सभा पुन्हा घेता येते. ऐकून मंजूर म्हटलं असंन, तं मंग काय परत घेता?"

म्हणून बुधवारी युनियनच्या सभेत मी सगळ्यांसमोर पुन्हा बहिरा होणार. मशीन बंद होती म्हणणार, आणि पेन्शन अर्धी करा म्हणणार. बाकीचे ऐकतील का, माहीत नाही. गुरुवारी नगरपरिषदेच्या सभेत हे कायमचं पक्कं होणार, त्याआधी झालं तर झालं. अम्मीला अजून सांगितलं नाही.

खरं फक्त तुला लिहिलं. कलीमला सांगायचं की नाही ते तू ठरव.

माझ्यासाठी तो दारात दोनदा हॉर्न वाजवायचा. ईदला आलात तर एकदाच वाजवायला सांग.

ऐकू येतं मला.

तुझा अब्बा
अब्दुल गनी