धाकट्याचा चष्मा

ता. ३ मार्च

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

खोकला थांबला का? जावईबापूंची कंबर कशी आहे? तुझी छकुली इथे मजेत, काल दुसरा दात दिसला. तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरतात. राहिला तुझा भाऊ. त्याचं डोकं तूच फिरवलंस.

प्रयोगशाळांत किरणोत्सर्ग कुठे सांडलाय ते तपासणं तुझं काम, मान्य. पण सख्ख्या भावाच्या प्रयोगशाळेला कुलूप? काल आल्यापासून एकच टकळी: टेबलं आरशासारखी, हातमोजे मी कधी काढत नाही, तरी ताईचं यंत्र दाराच्या मुठीवर टकटकलं! शुक्रवारपर्यंत कुलूप निघालं नाही तर वर्षाचा प्रयोग मातीत, म्हणतो. बोलताना लहानपणासारखा सारखा चष्मा नाकावर ढकलतो, आणि मांडीवरची छकुली तोच ओढून चघळते. ती तेवढी खूश, बाकी घरभर वैताग. बाई गं, मिटव एकदाचं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
काका

ता. ५ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचा फोन नेहमीसारखा मुका, म्हणून ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी. आधी छकुलीला त्याच्या मांडीवरून उचला!

हातमोजे कधी काढत नाही, हीच तर बोंब! त्याच मोज्यांनी दार उघडतो, फोन उचलतो आणि चष्मा ढकलतो. मी टेबलं तपासत बसले, चष्मा माझ्याही डोक्यात आला नाही. तो पिशवीत बांधून द्या. छकुलीचे हात-तोंड धुवा, आणि मामा-भाचीला याच गाडीने पाठवा. घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

तुमचीच,
मोठी

ता. ९ मार्च

चि. मोठीस आशीर्वाद.

धाकटा छकुलीला तुझ्याकडे ठेवून परत आला, त्यानं तुझी दुसरी चिठ्ठी आणून दिली. छकुलीचे हात, तोंड सगळं स्वच्छ. ती चष्म्याची दांडी चघळत होती आणि किरणोत्सर्गाचा डाग फक्त नाकावरच्या भागाला, हे वाचून काकू देवापुढे बसली ती तासभर उठली नाही. मी मात्र धाकट्याला यथेच्छ झापलं. मान खाली घालून ऐकलं त्यानं. मूठ आणि फोन स्वतः पुसला म्हणे, तू शुक्रवारी कुलूप काढलंस, प्रयोग वाचला. छकुलीची आठवण काढून काल जेवला नाही. बोट अजून नाकाकडे जातंच, काकू फटका मारते.

त्याचा चष्मा तुझ्या कपाटात कुलूपबंद, म्हणून त्याला माझा दिलाय. ओळी वाकड्या आल्यात त्या त्यामुळेच. तेव्हा उलट टपाली लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ.

काका