'रिफ्यूज' आणि 'डिनाय'

मी, कृष्णवेणी गुंडूराव, वय बहात्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर धाकटा भाऊ बसवंत याची मुलगी सुप्रीता हिला द्यावे. मागच्या खोलीतील भाडेकरीण स्वतः जाईपर्यंत तिला काढू नये.

२. बँकेतील ठेव बसवंतला. ही भरपाई नव्हे. ती होण्यासारखी नाही.

३. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांच्या माझ्या अकरा वह्या बसवनगुडीतील माझ्या शाळेला द्याव्यात. पहिल्या पानावर 'रिफ्यूज' आणि 'डिनाय' आहेत. मराठीत दोन्हींना 'नाही म्हणणे' चालते. इंग्रजीत, सांगितलेले करायला नकार दिला तर 'रिफ्यूज'. तसे घडलेच नाही असे सांगितले तर 'डिनाय'.

४. शिक्षिका होण्यापूर्वी मी आनेकलच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. बसवंत तिथेच प्रेस मशीनवर होता. १९८७ साली त्या मशीनमध्ये एका कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीत बसवंतला विचारले, "सुपरवायझर रणजीतने मशीन बंद करायला सांगितले होते?" तो नाही म्हणाला. त्याच्या इंग्रजी जबाबात मी घाईत 'डिनाइड'ऐवजी 'रिफ्यूज्ड' टाइप केले. वरच्यांनी अर्थ लावला, सांगूनही याने मशीन बंद केली नाही. बसवंतची नोकरी गेली.

चूक मला आठवड्याने कळली. मॅनेजर म्हणाले, "कागद पुढे गेला. तुम्ही आपली नोकरी सांभाळा." मी सांभाळली. त्या मॅनेजरांना मी क्षमा केलेली नाही. माझ्यामागे कोणी माझ्या नावाने ती करू नये.

५. बसवंतला हे माझ्या मरणानंतर कागदावरून कळू नये, म्हणून गेल्या रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगितले. त्याने हातातला कॉफीचा लोटा खाली ठेवला.

"अक्का, आधी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"मला वाटलं, मशीन बंद करायला सांगितलं होतं, असं रणजीतनेच खोटं सांगितलं. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. घरी आला होता दोनदा, दार उघडलं नाही. गेल्या वर्षी वारला तो."

मग तोच पुढे म्हणाला, "सरी, ठीक आहे. त्याच्या बायकोला सांगायला हवं. दोघं जाऊ."

६. येत्या गुरुवारी आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तोवर मी राहिले नाही, तर बसवंतने चौथे आणि पाचवे कलम तिला वाचून दाखवावे. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारे वकील श्रीहर्ष यांनी घर, ठेव, वह्या यांचे काम त्यानंतरच हाती घ्यावे.

बेंगळुरू, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
सही: कृष्णवेणी गुंडूराव

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. सुमंत, शेजारी
२. भव्या, शाळेतील सहकारी